सिझेरियननंतरच्या वेदना : पोटाच्या भिंतीत देण्याच्या भुलीच्या इंजेक्शनाचा कितपत उपयोग होतो?

चाफेकळी, नाशिक

नमस्कार. माझा आठवा महिना संपत आला आहे. पहिले बाळंतपण सिझेरियनने झालेले असल्यामुळे आणि दोन बाळंतपणांत फारसे अंतर नसल्यामुळे या वेळीही सिझेरियनच करायचे, असे आमच्या डॉक्टरांनी ठरवले आहे. शस्त्रक्रियेची मला फारशी भीती वाटत नाही, कारण मागच्या वेळी कमरेतून भूल दिल्यावर शस्त्रक्रिया चालू असताना काहीही दुखले नव्हते. खरा त्रास त्यानंतर झाला. संध्याकाळी पायांत हळूहळू संवेदना परत आली आणि रात्री टाक्यांच्या जागी इतके दुखू लागले की कुशीवर वळणेही जमेना, मग उठून बसून बाळाला पाजणे तर दूरच राहिले. सिस्टरांना सांगितले की इंजेक्शन मिळायचे, काही तास बरे वाटायचे आणि पुन्हा तेच सुरू व्हायचे. त्यामुळे सुरुवातीला बाळाला वरचे दूध द्यावे लागले, आणि या वेळी तसे होऊ नये अशी माझी मनापासून इच्छा आहे.

माझ्या एका मैत्रिणीचे सिझेरियन पुण्यात झाले. शस्त्रक्रिया संपताच भूलतज्ज्ञांनी तिच्या पोटाच्या दोन्ही बाजूंना सोनोग्राफीत पाहून एकेक इंजेक्शन दिले. त्याला ‘टॅप ब्लॉक’ म्हणतात असे तिला सांगण्यात आले. तिची पहिली रात्र बरीच शांत गेली. हे इंजेक्शन नेमके कशावर काम करते, त्याचा परिणाम किती वेळ टिकतो, ते औषध दुधातून बाळाकडे जाते का, आणि लहान रुग्णालयात ते देता येते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे. माझ्या सासूबाईंचे म्हणणे असे की कमरेतल्या इंजेक्शनाने आधीच पाठ कायमची धरली आहे, त्यात आता पोटात आणखी सुया कशाला? त्यांना काय सांगावे हेही कळत नाही.

भूलवाला, सातारा

चाफेकळीताई, मी भूलतज्ज्ञ आहे आणि जिल्ह्यातील लहानमोठ्या रुग्णालयांत सिझेरियनसाठी भूल देणे हे माझे रोजचे काम आहे. तुम्ही हा प्रश्न शस्त्रक्रियेच्या आधी विचारलात हे फार चांगले झाले, कारण या बाबतीत जे काही ठरवायचे ते शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाण्यापूर्वीच ठरलेले असावे लागते.

सिझेरियननंतरचे दुखणे दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून येते. ओटीपोटावर आडवा छेद घेताना त्वचा, तिच्याखालची चरबी, स्नायूंवरचे आवरण आणि पोटाचे आतले अस्तर उघडावे लागते. या सर्व थरांची संवेदना छातीच्या शेवटच्या काही मणक्यांजवळून आणि कमरेच्या पहिल्या मणक्याजवळून निघणाऱ्या नसा वाहून नेतात. हे दुखणे बोटाने जागा दाखवता येईल असे, टोचणारे असते आणि खोकताना, हसताना किंवा कूस बदलताना वाढते. दुसरे दुखणे गर्भाशयाचे असते. बाळ आणि वार बाहेर आल्यावर गर्भाशय आकुंचन पावू लागते, त्याच्या कळा ओटीपोटात खोलवर आणि कमरेत जाणवतात. बाळ अंगावर पिऊ लागले की आईच्या शरीरात ऑक्सिटोसिन स्रवते आणि या कळा वाढतात. पहिलटकरणीपेक्षा दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणानंतर त्या अधिक जाणवतात, हेही तुम्हाला आधीच माहीत असलेले बरे.

टॅप ब्लॉक, म्हणजे पोटाच्या भिंतीतल्या नसा काही तास बधिर करणारे इंजेक्शन, यांतील पहिल्या दुखण्यावर काम करतो. पोटाच्या बाजूच्या भिंतीत स्नायूंचे तीन थर एकावर एक असतात आणि त्वचेकडे जाणाऱ्या नसा सर्वांत आतल्या व मधल्या थराच्या मधून धावतात. सोनोग्राफीच्या पडद्यावर या दोन स्नायूंच्या मध्ये एक पांढरी रेघ दिसते. सुईचे टोक त्या रेघेवर आणून आधी थोडेसे सलाइन सोडले जाते. जागा बरोबर असेल तर ती रेघ फाकते आणि दोन स्नायूंच्या मध्ये दोन्ही टोकांना निमुळता होत गेलेला काळा लंबगोल उमटतो. जागा चुकली असेल तर स्नायूच फुगताना दिसतो आणि सुई किंचित पुढेमागे करावी लागते. जागेची खात्री पटली की भुलीचे औषध, म्हणजे बुपिव्हाकेन किंवा रोपिव्हाकेन, थोडेथोडे करून आणि दर वेळी पिस्टन मागे ओढून सुई रक्तवाहिनीत गेलेली नाही ना हे पाहत सोडले जाते. हे सारे टाके घालून झाल्यावर, कमरेतल्या भुलीचा असर कायम असतानाच केले जात असल्यामुळे सुई टोचल्याचे बाळंतिणीला कळतही नाही. ही कल्पना तशी अलीकडची आहे. २००१ मध्ये ती प्रथम मांडली गेली, तेव्हा कमरेच्या बाजूच्या हाडाच्या वरची जागा बोटाने चाचपून सुई घालत असत. सोनोग्राफीची जोड तिला २००७ च्या सुमारास मिळाली.

एकदा दिलेल्या औषधाचा परिणाम साधारण आठ ते बारा तास टिकतो. काही जणींमध्ये तो त्याहून लवकर ओसरतो. गर्भाशयाच्या कळांवर मात्र त्याचा परिणाम होत नाही. ‘ब्लॉक दिला तरी दुखतेच आहे’ अशी तक्रार ऐकू येते तेव्हा पुष्कळदा ती कळांबद्दलची असते.

आता तुमच्या प्रश्नाच्या थोडे पलीकडे जातो, कारण ते सांगितल्याशिवाय उत्तर अर्धेच राहील. कमरेतून भूल देताना त्याच सुईने, त्याच वेळी, मॉर्फीनची अगदी अल्प मात्रा देता येते. ही मात्रा साधारण १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे एका मिलिग्रॅमचा दहावा भाग असते. ते मज्जारज्जूवर थेट काम करत असल्यामुळे टाके आणि गर्भाशय या दोन्हींचे दुखणे कमी करते आणि बारा ते चोवीस तास पुरते. शस्त्रक्रियांनंतरच्या वेदनांविषयी शिफारशी करणाऱ्या ‘प्रॉस्पेक्ट’ या युरोपीय तज्ज्ञगटाने २०२१ मध्ये सिझेरियनसाठी जी मांडणी केली, तिचा गाभाही हाच आहे : कमरेतून अल्प मॉर्फीन, नियमित पॅरासिटामॉल, नियमित सूजविरोधी वेदनाशामक (आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारखे) आणि शिरेतून डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची एक मात्रा. टॅप किंवा त्यासारखा ब्लॉक, अथवा टाक्यांच्या जागी भुलीचे औषध भरणे, हे मॉर्फीन दिले नसेल तेव्हा करावे, असे त्यांनी म्हटले आहे. ज्यांना मॉर्फीन मिळाले आहे त्यांना ब्लॉकने मिळणारा वाढीव फायदा थोडाच असतो, हे अनेक अभ्यासांतून दिसलेले आहे.

मग सगळीकडे मॉर्फीनच का देत नाहीत? कमरेतून देण्यासाठी जंतुरोधक रसायन न मिसळलेले मॉर्फीन लागते. शिवाय १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यामुळे ते ठेवणे आणि नोंदवणे यांचे नियम कडक आहेत. २०१४ च्या दुरुस्तीने ते बरेच सुटसुटीत झाले, तरी पुष्कळ लहान रुग्णालये मॉर्फीन ठेवतच नाहीत. ते दिल्यावर अंगाला खाज सुटते, काहींना मळमळते आणि क्वचित श्वास मंदावू शकतो, त्यामुळे रात्रभर श्वासाची गती मोजणारी परिचारिका हवी. जिथे ही सोय नाही तिथे टॅप ब्लॉकचे मोल खरोखरच मोठे आहे. तातडीच्या वेळी पूर्ण भूल देऊन सिझेरियन करावे लागले आणि कमरेत सुई घातलीच गेली नाही, तर त्या बाईसाठीही हा ब्लॉक फार उपयोगी पडतो.

दुधाबद्दल निश्चिंत राहा. ही औषधे आईच्या दुधात अत्यल्प प्रमाणात उतरतात आणि बाळाच्या पोटात गेली तरी आतड्यातून फारशी शोषली जात नाहीत. उलट ज्या आईला वेदना कमी आहेत तिला बाळाला जवळ घेणे, कुशीवर पडून पाजणे लवकर जमते.

कोकणातली डॉक्टर, रत्नागिरी

वर सांगितलेले सारे शास्त्राला धरून आहे. तरीही तालुक्याच्या गावी काम करणारी स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून मला त्यात भर घालावीशी वाटते. आमच्याकडे भूलतज्ज्ञ बाहेरून येतात आणि दिवसात चार ठिकाणी जातात. सोनोग्राफी यंत्र सोबत नेण्याचा प्रश्नच येत नाही, कारण गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४ च्या कायद्याखाली प्रत्येक यंत्राची नोंदणी त्या-त्या जागेसाठी असते, मग ते यंत्र केवळ नसा पाहण्यासाठी वापरायचे असले तरीही. कायद्यामागचा हेतू मला पूर्ण मान्य आहे आणि त्यात पळवाट असू नये असेच मला वाटते, पण त्याचा एक परिणाम असा झाला आहे की जिथे मॉर्फीन नाही, नेमक्या त्याच ठिकाणी ब्लॉकसाठीचे यंत्रही हाताशी नसते.

अशा ठिकाणी काहीच करता येत नाही, असा मात्र चाफेकळी यांचा समज होऊ नये. टाके घालण्यापूर्वी छेदाच्या कडेने, आवरणाच्या थरात आणि त्वचेखाली, भुलीचे औषध भरणे हे शस्त्रक्रिया करणाऱ्याच्या हातातले काम आहे. त्यासाठी यंत्र लागत नाही, वेळही फारसा जात नाही. परिणाम ब्लॉकपेक्षा लवकर ओसरतो, पण भूल उतरण्याच्या पहिल्या काही तासांत त्याचा आधार मिळतो. पोट उघडे असतानाच आतल्या बाजूने स्नायूंच्या त्याच थरात औषध सोडण्याची पद्धतही वर्णन केलेली आहे. मी स्वतः टाक्यांच्या जागी औषध भरणे आणि शस्त्रक्रिया संपताच डायक्लोफिनॅकची सपोझिटरी, म्हणजे गुदद्वारातून ठेवायची गोळी, एवढे प्रत्येकीसाठी करते, अर्थात सपोझिटरीला काही मनाई नसेल तर.

त्याशिवाय आम्ही शस्त्रक्रिया कशी करतो यावरही दुखणे अवलंबून असते, याची चर्चा फार कमी होते. कापण्याऐवजी बोटांनी थर दूर सारत पोट उघडण्याची जोएल-कोहेन पद्धत आणि पोटाचे अस्तर स्वतंत्रपणे न शिवणे, या दोन्ही गोष्टींचा दुखणे कमी करणारे उपाय म्हणून प्रॉस्पेक्टच्या शिफारशींत समावेश आहे. ब्लॉक देणारा माणूस वेगळा असला तरी दुखणे कमी करण्याची जबाबदारी आमच्यावरही तितकीच आहे.

भूलवाला, सातारा

डॉक्टरांचे म्हणणे योग्य आहे, आणि यंत्राच्या नोंदणीची अडचण मीही रोज अनुभवतो. फक्त एका गोष्टीकडे दोघांनी मिळून लक्ष द्यायला हवे. टाक्यांत औषध भरले आणि नंतर ब्लॉकही दिला, तर दोन्हींची मात्रा एकत्र मोजली पाहिजे. बुपिव्हाकेनची मर्यादा वजनाच्या दर किलोमागे २ ते २.५ मिलिग्रॅम धरतात. पन्नास किलोच्या बाईला सावध हिशेबाने १०० मिलिग्रॅम होतात. ०.२५ टक्के औषधाच्या एका मिलिलिटरमध्ये २.५ मिलिग्रॅम असतात, म्हणून दोन्ही बाजूंना वीस-वीस मिलिलिटर दिले की ती मर्यादा तिथेच संपली. त्यावर टाक्यांत आणखी भरायला जागा उरत नाही. आपल्याकडे चाळीस-पंचेचाळीस किलोच्या बाळंतिणी काही कमी नाहीत, आणि त्यांना ‘नेहमीचे वीस-वीस’ देणे हे बरोबर नाही. शिवाय गरोदरपणात रक्तातील काही प्रथिने कमी झालेली असतात आणि रक्ताभिसरण वाढलेले असते, त्यामुळे या औषधांचा विषारी परिणाम लवकर होऊ शकतो.

तो परिणाम क्वचितच होतो, पण ओळखता आला पाहिजे. ओठांभोवती मुंग्या येणे, तोंडात धातूसारखी चव येणे, कानांत गुंजन, अकारण अस्वस्थपणा, पुढे झटके आणि हृदयाच्या लयीत बिघाड, अशी त्याची पायरी असते. चाफेकळीताई, इंजेक्शननंतर यातले काही जाणवले तर संकोच न करता लगेच सांगायचे. त्यावर श्वास आणि झटके सांभाळण्याबरोबर वीस टक्क्यांचे स्निग्ध द्रावण शिरेतून देतात. सुरुवातीची मात्रा किलोमागे दीड मिलिलिटर असते. जिथे ब्लॉक दिले जातात तिथे ते द्रावण कपाटात असलेच पाहिजे, आणि रुग्णाच्या नातेवाइकांनी याबद्दल विचारले तर कोणत्याही डॉक्टराने रागावू नये.

लीड्सकर

मी मूळची सांगलीची, सध्या इंग्लंडमध्ये प्रसूती विभागात भूलतज्ज्ञ म्हणून काम करते. इथे कमरेतून भूल देताना मॉर्फीनऐवजी डायामॉर्फीन हे त्याच जातीचे औषध देण्याची पद्धत बरीच रूढ आहे. त्याची नेहमीची मात्रा सुमारे ३०० मायक्रोग्रॅम असते. त्यामुळे नियोजित सिझेरियननंतर टॅप ब्लॉक सर्रास दिला जात नाही. पूर्ण भूल द्यावी लागली किंवा कमरेतून दिलेले औषध पुरे पडले नाही, तरच तो दिला जातो.

आणखी एक नाव तुमच्या कानावर येईल, ते म्हणजे ‘क्यूएल ब्लॉक’. टॅपपेक्षा मागे, कमरेच्या चौकोनी स्नायूभोवतीच्या आवरणात औषध सोडतात आणि ते आवरणातून पसरत मणक्याच्या दिशेने गेल्यास कळांच्या दुखण्यावरही काही परिणाम होईल, अशी त्यामागची अपेक्षा आहे. कमरेतून मॉर्फीन न दिलेल्या बायकांना त्याचा फायदा झाल्याचे अभ्यास आहेत. मात्र बाळंतिणीला कुशीवर वळवावे लागते, जागा खोल असते आणि काही वेळा मांडीचा पुढचा स्नायू तात्पुरता लुळा पडतो. त्यामुळे असा ब्लॉक मिळाला असेल तर पहिल्यांदा उभे राहताना दोन्ही बाजूंना माणूस हवे. हौसेने नवे तंत्र मागण्यापेक्षा तुमच्या भूलतज्ज्ञांचा हात ज्या तंत्रावर बसला आहे तेच घ्यावे, असा माझा सल्ला आहे.

सासूबाईंच्या शंकेबद्दल लिहिते. गरोदरपणात पाठीची कमान वाढते, सांध्यांना जोडणारे पट्टे सैल होतात, नंतर वाकून बाळाला उचलणे आणि पाजणे सुरू होते. त्यामुळे बाळंतपणानंतर पाठ दुखणे फार सर्रास आढळते, मग प्रसूती भूल न देता झालेली का असेना. सुई टोचलेली जागा काही दिवस हुळहुळी राहते. कायमची पाठदुखी या इंजेक्शनाने लागते असे अभ्यासांत आढळलेले नाही. डोकेदुखीचा संबंध मात्र खरा आहे. मज्जारज्जूभोवतीच्या आवरणाला पडलेल्या छिद्रातून आतले पाणी झिरपले तर बसल्यावर वाढणारी आणि आडवे झाल्यावर कमी होणारी डोकेदुखी होते. १८९८ मध्ये आउगुस्ट बीर या जर्मन शल्यविशारदाने कमरेतून भूल देण्याचा प्रयोग स्वतःवर करून पाहिला, तेव्हा त्यालाही ती झाली होती. आता बारीक आणि पेन्सिलीच्या टोकासारख्या सुयांमुळे तिचे प्रमाण पुष्कळ कमी झाले आहे. टॅप ब्लॉकची सुई पाठीच्या जवळपासही जात नाही, एवढे सासूबाईंना नक्की सांगा.

सिस्टर, परभणी

मी वॉर्डात काम करते. डॉक्टरांनी शस्त्रक्रियागृहात कितीही चांगला ब्लॉक दिला, तरी त्याचा परिणाम ओसरतो तो बहुतेक मध्यरात्री किंवा पहाटे, आणि तेव्हा बाळंतिणीजवळ आम्हीच असतो. म्हणून पुढचे लिहिते.

‘दुखले तर गोळी द्या’ असे केसपेपरवर लिहिलेले असते तेव्हा बाई दुखेपर्यंत थांबते, नंतर सांगायला लाजते, मग नातेवाईक आम्हाला शोधत येतात, आम्ही दुसऱ्या खाटेजवळ असतो, आणि गोळी पोटात जाऊन तिचा गुण येईपर्यंत तास-दीड तास निघून जातो. ‘दर सहा तासांनी पॅरासिटामॉल, दर आठ तासांनी आयब्युप्रोफेन, दुखो वा न दुखो’ असे स्पष्ट लिहिलेले असले की तीच बाई दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः न्हाणीघरापर्यंत चालत जाते. ताई, तुम्ही डॉक्टरांना हे वेळापत्रक कागदावर लिहून द्यायला सांगा. पॅरासिटामॉल प्रौढ व्यक्तीला एका वेळी एक ग्रॅम आणि दिवसाला चार ग्रॅमपर्यंत चालते, वजन पन्नासच्या आत असेल तर डॉक्टर ते कमी करतात. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक अंगावर पाजणाऱ्या आईला चालतात, पण मूत्रपिंडाचा त्रास, पोटातला अल्सर, फार रक्तस्राव, प्लेटलेट कमी असणे किंवा अशा गोळीने दमा उठणे यांपैकी काही असेल तर ते आधी सांगायला हवे. ट्रॅमाडॉलचे इंजेक्शन आपल्याकडे सर्रास देतात. काही जणींच्या शरीरात त्याचे रूपांतर फार वेगाने होते आणि दुधातून बाळाला सुस्ती येऊ शकते, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये कोडीन आणि ट्रॅमाडॉल स्तनपान देणाऱ्या आईला न देण्याचा इशारा दिला आहे. ते द्यावेच लागले तर बाळ नीट जागे होऊन पीत आहे ना, याकडे आम्ही लक्ष ठेवतो.

दुखण्याचा अंदाज घेताना आम्ही शून्य ते दहा असा आकडा विचारतो. पडून असताना विचारले की बहुतेक जणी ‘दोन-तीन’ म्हणतात. कुशीवर वळायला सांगून विचारले की तोच आकडा सातवर जातो. बाळाला पाजायचे आहे, लघवीला जायचे आहे, त्यामुळे वळतानाचा आकडा सांगा. उठताना सरळ वर उठू नये. आधी गुडघे दुमडावेत, पूर्ण अंग एकत्र कुशीवर वळवावे, पाय खाटेखाली सोडावेत आणि कोपरावर भार देऊन उठावे. खोकताना किंवा शिंकताना टाक्यांवर उशी दाबून धरावी. पोटपट्ट्यानेही बऱ्याच जणींना आराम पडतो, मात्र तो बेताचा आवळावा.

सरकारी रुग्णालयात ‘जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम’ २०११ पासून आहे. त्यात सिझेरियन आणि त्यासाठीची औषधे मोफत आहेत, तेव्हा वेदनेची गोळी मागताना कोणी संकोच करू नये. ‘आमच्या वेळी कोण गोळ्या देत होते’ असे म्हणणाऱ्या आजीबाई प्रत्येक खाटेजवळ भेटतात. त्यांनी सोसले ते खरे आहे, आणि म्हणूनच सुनेला सोसावे लागू नये, असे मी त्यांना हात जोडून सांगते.

चाफेकळी, नाशिक

सर्वांचे मनापासून आभार. आमच्या रुग्णालयात चौकशी केली. मॉर्फीन ठेवत नाहीत, पण सोनोग्राफी यंत्र आहे आणि येणारे भूलतज्ज्ञ टॅप ब्लॉक देतात असे कळले. दोन शंका उरल्या आहेत. ब्लॉकमुळे पोट बधिर असताना आत काही बिघडले, तर ते कळायचे राहून जाईल का? आणि मागच्या सिझेरियनच्या व्रणाच्या उजव्या टोकाशी मला अजूनही अधूनमधून आग होते, घट्ट कपडा घासला की कळ येते. त्याचा या ब्लॉकशी काही संबंध आहे का?

भूलवाला, सातारा

पहिल्या शंकेचे उत्तर : आत रक्तस्राव होत असेल तर त्याची पहिली खूण नाडी वाढणे, रक्तदाब उतरणे, चेहरा पांढरा पडणे, लघवी कमी होणे ही असते, आणि ब्लॉक यातले काहीही झाकत नाही. पोटाच्या आतल्या अवयवांचे दुखणे त्याने जात नाही, हे वर सांगितलेच आहे. तरी ब्लॉक चालू असतानाही दुखणे एकाएकी वाढले, ताप आला, टाक्यांतून घाण वासाचा स्राव आला, पोटरी सुजून दुखू लागली किंवा कमरेतून भूल दिल्यावर चार तास उलटूनही पाय उचलता येईना, तर रात्र असली तरी लगेच बोलवायचे.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. आडव्या छेदाच्या टोकाजवळून जांघेकडे आणि ओटीकडे जाणाऱ्या दोन बारीक नसा असतात. छेद लांबवताना त्या ताणल्या किंवा कापल्या जाऊ शकतात, कधी टाक्यात किंवा व्रणाच्या ऊतीत अडकतात. तुम्ही सांगता तशी एका बिंदूशी होणारी आग, कपड्याच्या स्पर्शाने उठणारी कळ आणि कदाचित शेजारीच थोडी बधिर त्वचा, असे त्याचे चित्र असते. तपासणीत दुखऱ्या बिंदूवर बोट ठेवून डोके व खांदे उचलायला सांगतात. पोटाचे स्नायू ताणले गेल्यावर दुखणे वाढले तर ते आतल्या अवयवाचे नसून भिंतीतले आहे असे मानायला आधार मिळतो. त्या बिंदूशी थोडे भुलीचे औषध टोचून दुखणे काही काळ पूर्ण गेले, तर निदान बरेच पक्के होते, आणि काही जणींना तेवढ्यानेच दीर्घकाळ आराम पडतो.

हे दुखणे तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना आत्ताच सांगा, कारण त्याच व्रणातून पुन्हा छेद घेताना ती जागा त्यांना पाहता येईल. भूलतज्ज्ञांनाही सांगा. पहिल्या वेळच्या तीव्र वेदना आणि आधीपासून असलेले नसेचे दुखणे, या दोन्ही गोष्टी असलेल्या बाईला शस्त्रक्रियेनंतर जास्त दुखण्याची आणि ते दुखणे महिनोन्‌महिने रेंगाळण्याची शक्यता अधिक असते, त्यामुळे तिची तयारीही अधिक काटेकोर करावी लागते. तपासणीच्या दिवशी ताजे वजन, चालू असलेल्या गोळ्या, विशेषतः रक्त पातळ करणारे इंजेक्शन चालू असल्यास ते, आणि दात काढताना वगैरे भुलीच्या औषधाचा कधी त्रास झाला असल्यास तोही सांगावा.

ब्लॉक किती वाजता दिला हे केसपेपरवर लिहून घ्या आणि सोबत राहणाऱ्या माणसालाही सांगून ठेवा. सकाळी अकराला दिलेला ब्लॉक संध्याकाळी सातपासून कधीही उतरू लागतो. पोटाला काही वाटत नसले तरी संध्याकाळची पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन चुकवू नका, आणि रात्री झोप लागली असेल तरी बाराच्या सुमारास उठवून पुढची गोळी द्यावी, असे सिस्टरांना आधीच सांगून ठेवा.